जहाज घेताय, तर त्याचं बेअरिंगही आत्ताच मागून ठेवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत संरक्षण खरेदी परिषदेची बैठक झाली आणि साधारण ७९ हजार कोटींच्या प्रस्तावांना मंजुरी मिळाली, त्यात नौदलासाठी लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक, म्हणजे एलपीडी जहाजं पण आहेत. बातमी वाचून मनापासून आनंद झाला, कारण या जहाजांची वाट आपण किती वर्षं बघतोय, २०१३ ला टेंडर निघालं, ते २०२० मध्ये रद्द झालं, २०२१ ला पुन्हा चार जहाजांसाठी माहिती मागवली आणि आता कुठे काम पुढे सरकतंय. पण तेव्हापासून जे जे वाचलं त्यात हेलिकॉप्टर किती बसणार, रणगाडे किती मावणार, ऑर्डर कुठल्या यार्डाला जाणार एवढंच होतं. त्या जहाजाचा शाफ्ट, म्हणजे मागचा पंखा फिरवणारा लांब दांडा, ज्याच्यावर फिरणार त्या बेअरिंगबद्दल कुठे एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नका.

मी रे रोड स्टेशनच्या पलीकडे, बंदराच्या बाजूला असलेल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं फिटर होतो. काम एकच, जहाजांची बेअरिंगं. जुनं व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतला मऊ धातूचा थर) वितळवून काढायचं, नवीन ओतायचं, लेथवर घ्यायचं, आणि मग जहाजावर जाऊन हाताने खरवडून शाफ्टला बसवायचं. नागदेवीला दुकानात पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये जी बॉल बेअरिंगं मिळतात ती वेगळी, नंबर सांगितला की काउंटरवर येतात. जहाजाच्या शाफ्टचं बेअरिंग असं काउंटरवर मिळत नाही. बांबू उभा चिरला की जसे दोन अर्धे होतात तसे त्याचे दोन शेल असतात, वरचा आणि खालचा, प्रत्येकी एकेका माणसाला उचलणार नाही इतके जड, आणि प्रत्येक जहाजाचं माप वेगळं. एकाच वर्गाच्या दोन जहाजांचं मापसुद्धा वीस वर्षांनी एक राहत नाही, कारण शाफ्ट झिजतो, तो लेथवर घेतला की बारीक होतो आणि मग बेअरिंग त्या बारीक झालेल्या शाफ्टच्या मापाने बनवावं लागतं.

आता हे एलपीडी जहाज म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते ती आपण सगळ्यांनी बघितलीय, गाडी सरळ आत चढते, पलीकडे सरळ बाहेर. पण तिला दोन्हीकडे बांधलेला धक्का लागतो. एलपीडीला धक्का लागत नाही, तिच्या पोटातच गोदी असते. मागच्या बाजूच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, जहाज मागून खाली बसतं, मागचा मोठा दरवाजा उघडतो, समुद्र आत येतो आणि आत ठेवलेल्या बोटी रणगाडे, ट्रक, माणसं घेऊन तरंगत बाहेर पडतात. काम झालं की टाक्यांतलं पाणी बाहेर काढायचं आणि जहाज पुन्हा वर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ही कल्पना काढली आणि अमेरिकनांनी बांधली, पहिलं जहाज अॅशलँड १९४३ ला सेवेत आलं. युद्धात तर याचा उपयोग आहेच, पण वादळ, त्सुनामी, भूकंप, जिथे बंदर मोडून पडलंय तिथे औषधं आणि पाणी पोचवायला याच्यासारखं दुसरं जहाज नाही.

आपल्याकडे असं एकच आहे, आयएनएस जलाश्व. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मालदीवला अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला घेऊन आलं तेच. मूळचं अमेरिकेचं ट्रेंटन, सिएटलला बांधलेलं, मार्च १९७१ मध्ये त्यांच्या नौदलात दाखल झालं, आपण २००७ साली घेतलं, जहाजाची किंमत साधारण ४ कोटी ८४ लाख डॉलर. कॅगने २००८ मध्ये या खरेदीवर बोट ठेवलं होतं, घाई झाली म्हणून. मला त्या वादात पडायचं नाही. जहाजाने चांगलं काम केलंय, त्याच्यावर ज्यांनी ज्यांनी ड्युटी केली त्यांना माझा सलाम. मला फक्त फिटरच्या नजरेने काय दिसतं ते सांगायचंय.

ट्रेंटन ज्या वर्गाचं जहाज त्याला ऑस्टिन वर्ग म्हणतात, अमेरिकेने अशी बारा बांधली. दोन बॉयलर, वाफेच्या दोन टर्बाइन, दोन शाफ्ट, एकूण २४ हजार हॉर्सपॉवर. बाकीची अकरा अमेरिकेने एकेक करून निवृत्त केली, शेवटचं पाँस २०१७ मध्ये गेलं. म्हणजे या वर्गाचं चालतं जहाज आता जगात आपल्याकडेच. फिटरला याचा अर्थ विचारा. जोपर्यंत सख्खी भावंडं सेवेत असतात तोपर्यंत कुठेतरी गोदामात त्यांची स्पेअर बेअरिंगं असतात, ओतायचे साचे असतात, ड्रॉइंग असतात, आणि काहीच नसलं तर निवृत्त होणाऱ्या भावाचं काढून याला लावता येतं. शेवटचं भावंड गेलं की हे सगळे दरवाजे बंद होतात. त्याच्यानंतर जे लागेल ते आपलं आपण बनवायचं.

आणि बनवता येतं! हेच तर मला ओरडून सांगायचंय. कसं बनतं ते एकदा नीट लिहितो, कारण पुढे लिहायला माणसं राहतील की नाही माहीत नाही.

आपल्या आया-आज्यांनी कल्हईवाला बघितलाय. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचं की भांडं आतून चांदीसारखं चकचकीत. बेअरिंगची सुरुवात तिथूनच होते. बाहेरचा शेल पोलादाचा किंवा गनमेटलचा असतो, तो आधी इतका साफ करायचा की बोटाचा डाग पण लागला नाही पाहिजे, मग तापवून त्याला आतून कथलाची कल्हई करायची. ही कल्हई नीट धरली नाही तर पुढचं सगळं काम फुकट. मग मधोमध मॅन्ड्रेल, म्हणजे शाफ्टच्या जागी धरायचा गोल दांडा, उभा करायचा, सगळ्या फटी मातीने लिंपून बंद करायच्या आणि वरून व्हाइट मेटल ओतायचं. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि तांबं. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने हे काढलं म्हणून त्याला बॅबिट पण म्हणतात. आमचे मिस्त्री वितळलेलं मेटल ओतायला तयार आहे की नाही हे बघायला सुक्या लाकडाची काडी आत बुडवायचे, काडी लगेच पेटली तर जास्त तापलंय, नुसती तपकिरी झाली तर बरोबर. नंतर थर्मामीटर आले, आम्ही ते वापरले, पण काडी शेवटपर्यंत बुडवली. ओतताना धार तुटली नाही पाहिजे. एकदा थांबलात की तिथे थर पडतो, वरून दिसत नाही, पण जहाज समुद्रात गेलं की महिन्याभरात तिथूनच तडा जातो. म्हणून ओतायच्या वेळी वर्कशॉपमध्ये कोणी बोलायचं नाही, फोन वाजला तरी घ्यायचा नाही, पंखेसुद्धा बंद.

गार झालं की हातोडीने हलकं वाजवून बघायचं. घंटेसारखं वाजलं तर धातू शेलला धरलाय, बदबद आवाज आला तर आतून सुटलाय. त्याच्यावर विश्वास नसेल तर जोडावर रॉकेल लावून ठेवायचं, मग पुसून खडूची पावडर लावायची, जिथे सुटलं असेल तिथून रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उठते. अशी रेघ उठली की मिस्त्री काही न बोलता ते बेअरिंग पुन्हा भट्टीजवळ नेऊन ठेवायचे. तीन तीन वेळा ओतलेली बेअरिंगं मी बघितलीत.

आणि मग जहाजावर. शाफ्ट टनेल म्हणजे वाकून चालायची जागा, पावसाळ्यात आत घुसलं की पाच मिनिटांत कपडे पिळून काढावेत असे. शाफ्ट जॅकने केसभर उचलायचा, खालचा शेल शाफ्टभोवती फिरवून वर काढायचा, नवीन तसाच फिरवून आत घालायचा. शाफ्टला निळा रंग पातळ लावायचा, शेल बसवून फिरवायचा, जिथे निळं लागलं तिथे धातू उंच आहे, तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा निळा, पुन्हा खरवडा. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत. एका मोठ्या बेअरिंगला दोन दोन दिवस जायचे. वर तेलासाठी किती जागा सोडायची याचा आमचा जुना हिशेब इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे शाफ्ट बारा इंचाचा असेल तर बारा थाऊ. शिशाची तार ठेवून शेल आवळायचा आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजायची.

एवढी मेहनत का, तर शाफ्ट फिरायला लागला की तो बेअरिंगला टेकत नाही. मधे तेलाचा पातळ पडदा तयार होतो आणि टनावारी वजनाचा शाफ्ट त्या पडद्यावर तरंगतो. व्हाइट मेटल मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, साधारण २४० अंशांना वितळायला लागतं. वाळूचा कण आला तर तो कण ते स्वतःच्या अंगात रुतवून घेतं, तेल बंद पडलं तर स्वतः वितळून जातं, पण शाफ्टला चरा पडू देत नाही. बेअरिंग स्वतः मरतं आणि शाफ्ट वाचवतं. शाफ्ट गेला तर जहाज ड्राय डॉकला चढवून मागून सगळं उघडावं लागतं, किती महिने जातील सांगता येत नाही. म्हणून मिस्त्री म्हणायचे, बेअरिंग जळालं तर रडू नकोस, त्याने त्याचं काम केलंय, आता तुझं काम कर.

पोटात गोदी असलेल्या जहाजाच्या बेअरिंगांना तर साध्या मालवाहू जहाजापेक्षा जास्त सोसावं लागतं. एक तर ते मागून खाली बसतं, पुन्हा वर येतं, त्यामुळे मागच्या बेअरिंगवरचा भार बदलत राहतो. दुसरं, त्याचं काम किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, जिथे गाळ आणि वाळू ढवळलेली असते, आणि ज्या जहाजांचं मागचं बेअरिंग समुद्राच्याच पाण्यावर चालतं त्यांच्या बेअरिंगमध्ये ती वाळू जाते. तिसरं, बोटी आत-बाहेर करताना जहाज हळू चालतं, आणि शाफ्ट जितका हळू फिरतो तितका तेलाचा पडदा पातळ. शिवाय मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्यांचे बुश, रॅम्पचे बुश, टाक्या भरायच्या पंपांची बेअरिंगं, क्रेनच्या बैठकीचं बेअरिंग, सगळीकडे खारं पाणी. एक बिजागरी अडकली आणि मागचा दरवाजा उघडला नाही तर एवढं मोठं जहाज किनाऱ्यासमोर नुसतं उभं.

कोणी म्हणेल हा म्हातारा रे रोडच्या अनुभवावर बोलतोय. मग अमेरिकेकडे बघा. जगात सगळ्यात जास्त अशी जहाजं त्यांच्याकडे, त्यांच्या कायद्यातच लिहिलंय की किमान ३१ ठेवायची. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, आपल्या कॅगसारख्या, अहवाल आला की ३२ पैकी १६ जहाजांची हालत खराब आहे. कारणांमध्ये स्पेअर पार्ट मिळत नाहीत हे स्पष्ट लिहिलंय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉक्सर नावाचं त्यांचं मोठं जहाज, त्याच्याही पोटात गोदी आहे, सॅन डिएगोहून मोहिमेवर निघालं आणि दहा-एक दिवसांत परत आलं. काय झालं होतं तर सुकाणूचं बेअरिंग. पुन्हा निघायला जुलै उजाडला. हजारो माणसं, हेलिकॉप्टरं, बोटी, सगळं तयार आणि एका बेअरिंगने तीन महिने घेतले. त्यांच्याकडे पैसा कमी आहे का? इंजिनियर कमी आहेत का? मग आपण आत्तापासून जपायला नको का?

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. नाव कोणाचंच घेत नाही, मला कोणावर राग काढायचा नाही. एका जुन्या जहाजाचं प्लमर ब्लॉकचं बेअरिंग गेलं होतं, म्हणजे शाफ्टला मधे मधे जे आधार असतात त्यातलं एक. जहाज परदेशी बांधणीचं, बांधणारी कंपनी कधीच बंद पडलेली. आमच्याकडे शेल आला, आम्ही बघितलं, शेल उत्तम होता, फक्त आतलं मेटल पुसलं गेलं होतं. मिस्त्रींनी सांगितलं चार दिवसांत ओतून देतो. पण ऑफिसकडून पत्र आलं की मूळ कंपनीचं सर्टिफिकेट आणि मूळ ड्रॉइंग जोडा, त्याशिवाय काम मंजूर होणार नाही. बंद पडलेल्या कंपनीचं सर्टिफिकेट आणायचं कुठून! मिस्त्री स्वतः तीनदा ऑफिसला गेले, ट्रेनने, हातात त्या शेलच्या मापांची वही घेऊन. साहेब चांगले होते, चहा पण द्यायचे, पण म्हणायचे माझ्या हातात नाही. जहाज आठ महिने धक्क्याला उभं राहिलं. शेवटी बाहेरच्या देशातून एक बेअरिंग आलं, ते आमच्याकडेच बसवायला आलं, आणि बसलं नाही, कारण ते कागदावरच्या मूळ मापाचं होतं आणि शाफ्ट तर झिजून बारीक झालेला. मग तेच बेअरिंग वितळवून आम्ही आमच्या मापाने ओतलं. चार दिवस लागले.

त्या ऑफिसातल्या माणसांची चूक होती असं मी म्हणत नाही. नियमात रस्ताच नव्हता. जहाज घेताना कोणी विचार केला नव्हता की वीस वर्षांनी हे बेअरिंग कोण देणार, कोणाच्या सहीने, कुठल्या ड्रॉइंगवर. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीवर आहे. नवीन एलपीडी ज्या यार्डात बांधाल तिथे बांधा, माझगावला बांधा, कोचीला बांधा, कोलकात्याला बांधा, डिझाइन परदेशी कंपनीशी भागीदारीत घ्या, पण करार करतानाच प्रत्येक बेअरिंगचं ड्रॉइंग, मेटलचं मिश्रण, सोडायची जागा, ओतायचे साचे आणि हे सगळं आपल्या देशात बनवायचा हक्क लिहून घ्या. नंतर मागितलं की मिळत नाही, मिळालं तर पैसे तिप्पट. लग्न ठरवतानाच सगळं बोलून घ्यावं लागतं, मांडवात उभं राहून बोलता येत नाही.

हे होऊ शकतं हे पण आपण दाखवलंय. शार्दूल, केसरी, ऐरावत ही आपली लँडिंग जहाजं कोलकात्याच्या गार्डन रीचला बांधली, आणि त्यांची इंजिनं आपल्या किर्लोस्करांची, फ्रेंच पिलस्टिक डिझाइन लायसन्सवर घेऊन इथे बांधलेली. गंमत बघा, अमेरिकेची व्हिडबी आयलंड वर्गाची लँडिंग जहाजं आहेत त्यांचीही इंजिनं पिलस्टिक घराण्यातलीच. डिझाइन एकदा नीट लिहून घेतलं की ते आपल्याकडे राहतं, त्याच्याबरोबर माणसं तयार होतात. मे २०२५ मध्ये आयएनएस मगर निवृत्त झालं, १९८७ पासून ते चाललं, जवळपास चार दशकं. इतकी वर्षं ते चाललं कारण इथे ते ओळखणारी माणसं होती.

काही तरुण इंजिनियर मला सांगतात की काका, आता नवीन जहाजांत डिझेल आणि इलेक्ट्रिक मोटर येणार, इंजिनाच्या आतली बेअरिंगं पातळ पत्र्याच्या शेलची, फॅक्टरीतून थेट येणारी, ती हाताने ओतताच येत नाहीत, तुमचं कसब कशाला लागणार. त्यांचं अर्धं बरोबर आहे. इंजिनाच्या आतली पातळ बेअरिंगं आम्ही ओतू शकत नाही, मान्य, आणि म्हणूनच त्यांचा साठा जहाजाबरोबरच घेऊन ठेवला पाहिजे, कारण ती फॅक्टरी बंद झाली की आपल्याकडे दुसरा उपायच नाही. पण शाफ्ट तर राहणारच ना? शाफ्ट आहे तिथे प्लमर ब्लॉक आहे, पंख्याचा रेटा झेलणारा थ्रस्ट ब्लॉक आहे, शाफ्ट जहाजाबाहेर जातो ती नळी, स्टर्न ट्यूब आहे. स्टर्न ट्यूबमध्ये पूर्वी लिग्नम व्हिटे नावाचं लाकूड असायचं, पाण्यात बुडणारं लाकूड, इतकं जड आणि इतकं तेलकट. पहिली अणु पाणबुडी नॉटिलस, तिच्या शाफ्टलासुद्धा हे लाकूड होतं. आता रबर आणि नवीन प्लास्टिकसारखी मटेरियलं आली, चांगली आहेत, पण ती सुद्धा मापाने कापून, खरवडून, शाफ्टच्या रेषेत बसवावी लागतात. रेषा चुकली तर बेअरिंग कशाचंही असो, जळणारच. ती रेषा बघणारा डोळा लागतो, आणि तो डोळा दहा वर्षं टनेलमध्ये वाकून तयार होतो.

आणि इथे मला मुंबईबद्दल बोलायचंय. १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया इथे आले आणि गोदीचं काम सुरू झालं. त्यांच्या घराण्याने बांधलेलं त्रिंकोमाली, १८१७ चं जहाज, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नेव्हल डॉकयार्डात विमानवाहू जहाज मावेल अशी ड्राय डॉक सुरू झाली, २८१ मीटर लांब. तर ही शहराची जुनी आणि नवी ताकद. पण ड्राय डॉकच्या भोवती, एक-दोन किलोमीटरमध्ये, ओतणारे, लेथवाले, गनमेटलवाले, ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवणारे सुतार असतात म्हणून ती ड्राय डॉक चालते. रे रोडजवळच्या दारूखाना भागात जहाजं तुटायची तेव्हा तिथून निघालेले शेल आणि बुश आम्ही स्वतः निवडून आणायचो, भंगारवाला किलोने विकायचा, आम्ही मापाने बघायचो, आणि त्यातलं एखादं दुसऱ्या जहाजाला जसंच्या तसं लागायचं. ते जहाजं तोडणं गुजरातेत अलंगला गेलं, ठीक आहे. पण आता मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या विकासाच्या योजना येतायत, बागा, क्रूझ, टॉवर. मुंबईला मोकळी जागा पाहिजे, माझी नातवंडं पण इथेच राहतात, मला त्यांच्यासाठी बाग पाहिजेच. पण नकाशावर जिथे जिथे भंगार गोदाम असं लिहिलंय तिथे एखादी भट्टी आहे, एखादा वीस फुटी लेथ आहे, हे कोणीतरी चालत जाऊन बघितलं पाहिजे. वीस फुटी लेथ भिवंडीच्या आडरानात नेऊन ठेवला तर बेअरिंगचा शेल नवी मुंबई-ठाणे करत ट्रकमधून फिरणार आणि बसवताना एक थाऊ जास्त निघाला की पुन्हा तोच फेरा. डॉकच्या शेजारी चार-पाच गाळे, कायमचे, फक्त या कामासाठी राखून ठेवा, एवढं मागणं खूप मोठं आहे का?

सर्टिफिकेटचा रस्ता पण तयार करा. छोट्या वर्कशॉपने ओतलेलं बेअरिंग तपासायला आज अल्ट्रासोनिकची मशिनं आहेत, आमच्या खडू-रॉकेलपेक्षा चांगली. तपासा, कडक तपासा, नापास झालं तर परत पाठवा. पण पास झालं तर ते लावायची परवानगी द्या. मूळ कंपनी बंद आहे म्हणून चांगलं बेअरिंग नाकारायचं हे बंद झालं पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनने आपली अल्बियन आणि बुलवॉर्क ही दोन्ही गोदीवाली जहाजं लवकर निवृत्त करायचं जाहीर केलं. उद्या कुठल्याही देशाचं असं एखादं जहाज स्वस्तात समोर येईल आणि आपल्याला मोह होईल, कारण नवीन बांधून यायला वर्षं लागतात. घ्यायचं की नाही ते नौदलाला माझ्यापेक्षा हजार पटीने कळतं. घेतलंत तर बेअरिंगच्या साच्यांसकट घ्या, एवढंच सांगणं. साचे, पॅटर्न आणि मापांच्या वह्या त्यांना अडगळ वाटते, आपल्याला त्याच्यावर वीस वर्षं काढायची असतात.

आमचे मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर वर्कशॉप काही वर्षं चाललं, मग मालकांच्या मुलांनी जागा सोडली, भट्टी भंगारात गेली. पॅटर्नची लाकडं पावसात भिजत पडली होती ती मी बघितली, त्यातली दोन उचलून घरी आणली. मिस्त्रींच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक पानावर जहाज, बेअरिंगचा नंबर, शाफ्टचं माप, वर किती थाऊ सोडले, मेटल कुठलं, आणि खाली पेन्सिलने एखादी ओळ, डाव्या बाजूला जास्त घासतंय, पुढच्या वेळी तेलाची खाच रुंद कर, असं. काही पानं तेलाने पारदर्शक झालीत पण वाचता येतात.

या वह्या डॉकयार्डच्या अप्रेंटिस स्कूलला किंवा मुंबईतल्या कुठल्याही आयटीआयला हव्या असतील तर मी स्वतः आणून देईन. मिस्त्रींचं मोडी वळणाचं अक्षर पोरांना लागणार नाही, ते मी बसून वाचून दाखवीन. माझे गुडघे आता टनेलमध्ये जात नाहीत, पण स्क्रेपर कसा धरायचा ते टेबलावर बसून अजून शिकवता येतं.

आपला,
एक निवृत्त फिटर
काळाचौकी, मुंबई